शोपीस नव्हे, बरणी

मी बरणी बोलतेय. शोपीस नव्हे, बरणी. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला पाहिलं की माणसं हमखास म्हणतात, "काय सुंदर शोपीस आहे!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला तळ आहे, पोट आहे, गळा आहे, वर घट्ट बसणारं झाकण आहे. ज्याला पोट आहे त्याच्या पोटात काहीतरी घालावं, इतकी साधी गोष्ट. पण ती माणसांच्या गळी उतरवायला माझी कितीतरी वर्षं गेली, आणि एका बाईला त्यासाठी आपल्या नवऱ्यासमोर उभं राहावं लागलं.

माझा जन्म हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा. कालव्यांचं गाव, आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं. आमच्या घराण्याची कथा जरा खोचक आहे. फार पूर्वी चीनमधून जहाजं भरभरून नाजूक भांडी यायची आणि श्रीमंत लोक ती दिवाणखान्यात मांडायचे. पुढे ती यायची कमी झाली, तेव्हा डेल्फ्टच्या कुंभारांनी आपल्या पिवळट, साध्या मातीवर पांढरा लेप चढवला, वर निळी नक्षी काढली आणि तीच भांडी विकायला काढली. नक्कलच ती, मी कशाला नाकारू? पण नक्कल करता करता त्यांना स्वतःचं काही सुचत गेलं, चिनी डोंगरांच्या जागी पवनचक्क्या आल्या, होड्या आल्या, आणि मग जग आमची नक्कल करायला लागलं. तेव्हा मला "ही ओरिजिनल का?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच की मी अस्सल डेल्फ्टची माती आहे.

मला रंगवलं एका म्हाताऱ्या चितारणीने. तिच्या छोट्या कारखान्यात खिडकीशी बसून ती दिवसभर बरण्या, बश्या रंगवायची. तुम्हाला एक गंमत सांगते. माझा हा निळा रंग लावताना निळा नसतो. काळा असतो, अगदी काजळीसारखा. भट्टीत तापल्यावर तो निळा होतो. शिवाय कच्च्या लेपावर ब्रश टेकला की टेकला, खोडाखोड चालत नाही. माझ्या पोटावर पवनचक्की काढताना म्हातारीचा हात जरा रेंगाळला आणि एक पातं बाकीच्यांपेक्षा जाड झालं. तिने क्षणभर पाहिलं, खांदे उडवले आणि पुढची बरणी घेतली. भट्टीतून मी बाहेर आले ती त्या जाड पात्यासकट. मला त्याची लाज नाही.

दुकानात मी खालच्या फळीवर होते. वरच्या फळ्यांवर मोठमोठ्या फुलदाण्या नाकाने कांदे सोलत उभ्या असायच्या. एका थंड सकाळी गाइडबाईच्या मागोमाग प्रवाशांचा घोळका आत आला. एका दिवसाची सहल होती ती. सकाळी डेल्फ्ट, दुपारी पवनचक्क्या, संध्याकाळी परत हॉटेलवर. त्या घोळक्यात जोसेफीन आणि आल्फ्रेड होते.

जोसेफीन वसईची. कतारमध्ये दुखान नावाचं तेलाचं गाव आहे, तिथल्या दवाखान्यात नर्स. आल्फ्रेड तिचा नवरा, तिथेच तेलाच्या कंपनीत पंपांच्या दुरुस्तीवर फोरमन. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांची लेक फियोना हिने हट्टाने त्यांना युरोपात पाठवलं होतं. नाहीतर हे दोघं उभ्या जन्मात दुखान आणि वसई सोडून कुठे गेले नसते. दोघं आपसात वसईच्या बोलीत बोलतात. ती मला समजते, पण बोलायला जमत नाही. म्हणून मी त्यांचं बोलणं माझ्या मराठीत सांगतेय, सांभाळून घ्या.

घोळका फुलदाण्यांपाशी फोटो काढत होता. जोसेफीन खाली वाकली, तिने मला उचललं आणि सर्वांत आधी काय केलं? झाकण काढून आत हात घातला. तिची मूठ सहज आत गेली आणि बाहेर आली. त्याच क्षणी मी तिची झाले.

"यात लोणचं ठेवलं तर चालेल?" तिने गाइडबाईला इंग्रजीत विचारलं.

गाइडबाई हसली. म्हणाली, "आमची आजी अशाच बरणीत व्हिनेगरमधले कांदे ठेवायची. बरणी आहे, बाई. भरण्यासाठीच केलीय."

आल्फ्रेडने लगेच मला काउंटरवर नेलं. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे मी त्याच्यावर पुष्कळ चिडले, पण मला विकत घेतलं त्यानेच, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या डोक्यात एक कुलूप होतं. ते कळायला मला वेळ लागला.

दुपारी मी जोसेफीनच्या मांडीवर, अर्धवट कागदात गुंडाळलेली, बसमधून पवनचक्क्या बघायला गेले. माझ्या पोटावर असलेली गोष्ट मी पहिल्यांदाच खरी पाहिली. नदीकाठी ओळीने उभ्या होत्या, हिरव्या, काळ्या, आणि वाऱ्यावर त्यांची पाती अशी काही फिरत होती की जमीन हादरत होती. एकीत रंग दळत होते, एकीत तेल निघत होतं, एकीत मोहरी. मोहरीच्या दुकानात शिरताच जोसेफीनला शिंक आली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"आईच्या लोणच्याचा वास," ती म्हणाली. "आल्फ्रेड, मी हिच्यात लिंबाचं घालणार."

"घाल की. वसईला गेलो की पहिलं लोणचं हिच्यातच."

तेव्हा मला वाटलं होतं, वसई म्हणजे पुढच्या आठवड्यात जायचं ठिकाण असेल.

आल्फ्रेड मात्र त्या दिवशी लहान मुलासारखा खूश होता. चक्कीच्या पोटातली लाकडी दातेरी चाकं बघायला तो शिडीसारख्या उभ्या जिन्याने दोनदा वर जाऊन आला. गाइडबाईने सांगितलं की जुनी चक्की टिकवायची तर ती फिरती ठेवावी लागते. बंद ठेवली की लाकूड किडतं, पाती वाकतात, आणि बघता बघता ती उभ्या उभ्या मरते.

"बरोबर आहे," आल्फ्रेड हाताला लागलेलं ग्रीस रुमालाला पुसत म्हणाला. "आमच्या पंपांचं तेच. स्टँडबायला ठेवलेला पंप सगळ्यात आधी जाम होतो. मशीन चालत्यातच चांगलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, आणि नशिबाने जोसेफीननेही.

दुखानला पोचल्यावर मला शोकेसमध्ये ठेवलं. कंपनीच्या वसाहतीतलं नीटनेटकं घर, बाहेर बोगनवेल, पलीकडे वाळू आणि तिच्यात डोकी वरखाली करणारे तेलाचे पंप. शेजारच्या कमलिनीताई मला बघायला आल्या. त्या साताऱ्याच्या, लोणच्यापापडात तरबेज. त्यांनीही "शोपीस" म्हटलंच, पण नंतर झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "हिला हिंगाची धुरी देऊन लोणचं भरलं तर वर्षभर बिघडायचं नाही हो."

"भरणार आहे ना," जोसेफीन म्हणाली.

आठवड्याने आल्फ्रेडने मला शोकेसमधून काढलं, टर्किश टॉवेलात गुंडाळलं, सूटकेसमध्ये ठेवलं आणि सूटकेस कपाटावर चढवली. बाहेरून चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं: गावी.

"इथे फुटेल," तो म्हणाला. "तिकडे गेल्यावर काढू."

हे "गावी" काय प्रकरण आहे ते मला कपाटावर राहून हळूहळू उमगलं. वसईला आल्फ्रेडने बंगला बांधला होता. दुमजली, संगमरवरी फरशीचा, फाटकावर सुंदर अक्षरांत नाव: जोसेफीन व्हिला. बांधून झाला आणि त्याला कुलूप लागलं. दरवर्षी सुट्टीत हे लोक काही ना काही घेऊन जायचे. डिनरसेट, मिक्सर, ब्लँकेटं, पडदे. सगळं खोक्यांतून बंगल्यात जाऊन रचलं जायचं. आणि स्वतः कुठे उतरायचे? आल्फ्रेडच्या भावाकडे, पलीकडच्या गल्लीत, हॉलमध्ये गाद्या टाकून. का, तर महिन्याभरासाठी एवढं मोठं घर कोण झाडणार! मिक्सरची वॉरंटी खोक्यातल्या खोक्यात संपली. ब्लँकेटांना कसर लागली. आणि इकडे दुखानमध्ये ही माणसं कडा उडालेल्या प्लेटींत जेवायची, कारण चांगल्या प्लेटी गावी होत्या.

मला हसावं की रडावं कळेना. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते हेच. आणि असं करणारा आल्फ्रेड काही एकटा नव्हता. त्या वसाहतीतल्या निम्म्या कपाटांवर माझ्यासारख्या सूटकेसी होत्या. अख्खं आयुष्य टॉवेलात गुंडाळून वर ठेवायचं आणि म्हणायचं, तिकडे गेल्यावर काढू.

मी काळोखात पडून राहिले. मग ती महामारी आली, विमानं थांबली, सुट्ट्या रद्द झाल्या. सूटकेस कपाटावरून हललीच नाही. ऐकणं एवढंच माझ्या हातात होतं. एसीची घरघर ऐकली, आल्फ्रेडचं शिफ्टवरून येऊन बूट काढणं ऐकलं, आणि जोसेफीनचं बोलणं तर रोज ऐकलं. मराठी मी अशीच शिकले, बरीचशी कमलिनीताईंच्या गप्पांतून. वर पडल्या पडल्या दुसरं करायचं तरी काय?

त्यातूनच मला कळलं की गुंडाळून ठेवलेली मी एकटी नव्हते.

जोसेफीनला पुष्कळ वर्षांपूर्वी दोह्याच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स म्हणून बोलावलं होतं. तेव्हा फियोना लहान, आल्फ्रेडच्या शिफ्ट, दुखानहून दोहा म्हणजे वाळवंटातून लांबचा रस्ता. तिने नाही म्हटलं. "नंतर बघू," असं म्हणाली होती म्हणे. आता फियोना दोह्याजवळच्या लुसैलमध्ये ऑफिसात नोकरीला होती, मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहत होती. आणि आल्फ्रेड साठीला आला होता. नोकरी संपणार, कंपनीचं घर सोडावं लागणार. जोसेफीनचा व्हिसाही त्याच्याच नावावर, म्हणजे तो गेला की तीही गेली.

नेमका तेव्हाच शशिकला सिस्टरचा फोन आला. शशिकला तिची जुनी मैत्रीण, आता त्याच दोह्याच्या इस्पितळात मेट्रन. डायलिसिसचा नवा वॉर्ड सुरू होत होता. तो चालवायला तिला जोसेफीन हवी होती. स्वतःच्या नावाचा व्हिसा, इस्पितळाची छोटीशी खोली.

"घरी विचारून सांगते," जोसेफीन म्हणाली. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ पलंगावर बसून होती. मला पलंगाची स्प्रिंग ऐकू येत होती.

संध्याकाळी तिने आल्फ्रेडजवळ विषय काढला.

"आता कशाला?" तो म्हणाला. "तीस वर्षं झाली, जोस. पुरे झालं. आता घरी जाऊन निवांत बसू."

"मला निवांत बसायचं नाहीये. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून इंजेक्शनं दिली. एक वॉर्ड मला माझ्या पद्धतीने चालवून बघायचाय."

"बघू," तो म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे तिने आणखी एकदा सांगून पाहिलं. तेव्हाही "बघू". आल्फ्रेडच्या लेखी तो विषय तिथेच मिटला होता. तो खोकी आणायला लागला होता. फियोना शुक्रवारी चर्चनंतर घरी आली की आईच्या बाजूने बोलायची, तेही इंग्रजीत. "ममा, इट्स युवर जॉब. जस्ट से येस." पण लेकीला सोपं असतं. तिचं नाव कुठल्या फाटकावर लिहिलेलं नव्हतं.

एकदा गेलं की या वयात परत कोण बोलावणार, हे जोसेफीनला पक्कं ठाऊक होतं. मला तिचा रागही यायचा. म्हणायचे, अगं बाई, बोल ना मोठ्याने! पण टॉवेलातून माझा आवाज जाणार कुठे?

सामान वसईला पाठवणारा कार्गोवाला यायच्या आदल्या दुपारी सूटकेस खाली आली. चेन उघडली. इतक्या वर्षांनी उजेड दिसला आणि त्या उजेडात जोसेफीनचं तोंड. केस पांढरे झाले होते. ती एकटीच होती. आल्फ्रेडचा त्या दिवशी कंपनीत निरोपसमारंभ होता, तो मित्रांबरोबर गेला होता.

तिने टॉवेल काढला. मला वाटलं, आता फेसवाल्या प्लास्टिकात गुंडाळणार. तर तिने मला सिंकमध्ये नेलं आणि गरम पाण्याने धुतलं. पुसून मागच्या ओट्यावर उन्हात ठेवलं. दुखानचं ऊन म्हणजे काय विचारता, दुसरी भट्टीच ती. मग कमलिनीताई आल्या, पदराखाली हिंगाचा खडा घेऊन. निखारा नव्हता, म्हणून गॅसवर वाटी तापवली, हिंग टाकला आणि मला त्यावर पालथं धरलं. डेल्फ्ट सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्या पोटात धूर गेला. मी जिवंत झाले म्हटलं तरी चालेल.

"विचार पक्का ना?" कमलिनीताईंनी विचारलं.

"सकाळी शशिकलाला हो म्हणून टाकलं," जोसेफीन म्हणाली. "आता फक्त याला सांगायचंय. दोनदा सांगितलं, ऐकलं नाही. आता त्याला दिसेल असं सांगते."

लिंबं चिरून मिठात घातलेली होती. तिखट, मोहरीची डाळ, गार केलेली फोडणी. ती मला कालथ्याने भरत गेली आणि मी भरत गेले, गळ्यापर्यंत. माझ्या पांढऱ्या पोटाला आतून झोंबत होतं. काय सांगू किती बरं वाटलं. मग तिने झाकण लावलं, वरून स्वच्छ फडकं बांधलं आणि मला ओट्यावर मधोमध ठेवलं.

सकाळी कार्गोवाला रहमान आला. टेप, दोऱ्या, रिकामी खोकी. हॉल भरलेल्या खोक्यांनी अडला होता. आल्फ्रेड एकेकावर नंबर घालत होता.

"ये भी?" रहमानने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हाँ, ये तो पहले. संभालके," आल्फ्रेड म्हणाला. "डेल्फ्ट का है."

रहमानने मला उचललं, फडक्याशी नाक नेलं आणि परत ठेवलं. "सर, इसमें अचार है. अचार, तेल, कार्गो में नहीं जाता. पूरा माल खराब होगा."

आल्फ्रेडने वळून पाहिलं. "जोसेफीन, हे काय? लोणचं आत्ता कोणी घालतं का? काढ ते."

"नाही काढणार."

"अगं, तिकडे गेल्यावर घाल ना."

"मुरायला घातलंय. पंधरा दिवस हलवायचं नसतं."

"आपली फ्लाइट शुक्रवारी आहे."

"तुझी आहे," जोसेफीन म्हणाली. "पंधरा दिवसांनी मी दोह्याला ड्युटीवर असेन. मी शशिकलाला हो म्हटलंय."

रहमान हातात टेप धरून छताकडे बघायला लागला. बिचाऱ्याला बाहेरही जाता येईना, दारात खोकी होती.

आल्फ्रेड एका खोक्यावर मटकन बसला. "मग मी एवढं घर बांधलं ते कोणासाठी? फाटकावर नाव कोणाचं आहे? तुझं आहे ना?"

"नाव माझं. आणि कुलूप?" ती म्हणाली. "माझ्या नावाच्या घरात मी कधी चहा केलेला नाही, आल्फ्रेड. तिथले कप मी पाहिलेसुद्धा नाहीत, खोक्यात आहेत. तूच त्या चक्कीत म्हणाला होतास ना, बंद ठेवलेलं मशीन आधी जाम होतं? मी स्टँडबायला आहे. कधीची. मला जाम व्हायचं नाही."

"आणि मला एकट्याला पाठवतेस?"

"मी पाठवत नाही. तू जातोयस. मी थांबतेय. सुट्टीला येईन, तूही ये. पण मी आता खोक्यात जाणार नाही."

ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. आल्फ्रेडचे डोळेही भरले होते. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. त्याने त्या घराच्या एकेका टाइलसाठी उन्हात पंप उघडले होते. त्याचं स्वप्न खोटं नव्हतं. पण तेही त्याने पुढच्या कुठल्या तरी दिवसासाठी गुंडाळून ठेवलं होतं, आणि त्याच गुंडाळीत बायकोलाही घातलं होतं. असल्या प्रेमाला मी तरी मान देत नाही.

आल्फ्रेड उठला. माझ्याजवळ आला. फडक्याची गाठ सोडली, झाकण उचललं, वास घेतला, परत झाकण ठेवलं आणि गाठ नीट बांधली.

"इसको छोड़ दो," तो रहमानला म्हणाला.

"बाकी सब?"

"बाकी सब ले जाओ."

"खलास?"

"खलास."

मी फियोनाच्या गाडीतून दोह्याला गेले, पुन्हा जोसेफीनच्या मांडीवर. दोन्ही बाजूंना वाळू, आणि फियोना दर थोड्या वेळाने "ममा, आर यू ओके?" विचारत होती. जोसेफीन ओके नव्हती. पण तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

आता आम्ही इस्पितळाच्या छोट्या खोलीत राहतो. स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि एक खिडकी. जोसेफीन पहाटे जाते, थकून येते. पहिले काही महिने फार वाईट गेले. कधी कधी दमून भागून आल्यावर ती नुसता दहीभात घ्यायची, माझ्यातलं लिंबू तोंडी लावायची आणि उगाच उभी राहायची. पण वॉर्डातल्या गोष्टी सांगायला लागली की तिचा आवाज बदलतो. मशीनवर चार-चार तास पडून राहणाऱ्या माणसांना खिडकीकडे तोंड करून बसवायचं, ही तिची पहिली ऑर्डर. डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. ती म्हणाली, वॉर्ड माझा आहे. आणि खाटा फिरल्या.

आणि वसईला काय झालं, ऐका. एकट्या आल्फ्रेडला भावाच्या हॉलमध्ये किती दिवस झोपता येणार? शेवटी त्याने बंगला उघडला. भूक लागली तसं एकेक खोकं फुटत गेलं. डिनरसेट निघाला. मिक्सर लावला तर त्याचं रबर गळून हातात आलं. व्हिडिओ कॉलवर तो तिला विचारतो, "भाताला पाणी किती?" आणि ती हसते. त्याच्यामागे भिंतीवर पडदे दिसतात, कसरीने भोकं पाडलेले, पण लावलेले. जी गोष्ट इतक्या वर्षांत झाली नाही ती जोसेफीनने नाही म्हटल्यावर झाली. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. इथे लोणच्यानेच काम केलं.

डिसेंबरात आल्फ्रेड आला, व्हिजिटवर. या देशात इतकी वर्षं राहून पहिल्यांदाच बायकोच्या घरी पाहुणा. पहिले दोन दिवस तो खुर्चीच्या टोकावर बसायचा. तिसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेल्यावर त्याने स्वतःच भात लावला, पान वाढून घेतलं आणि घाईने माझं झाकण उचललं. ते हातातून सटकलं आणि सिंकच्या कडेवर आपटलं. मोठा टवका उडाला. पांढऱ्या लेपाखालची माझी पिवळट माती उघडी पडली.

तो घाबरलाच. टवका घेऊन संध्याकाळपर्यंत बसून होता. ती आल्याबरोबर म्हणाला, "फुटली गं. चुकलं माझं. डेल्फ्टची वस्तू, वाया गेली."

जोसेफीनने झाकण हातात घेतलं, फिरवून पाहिलं, टवका केराच्या डब्यात टाकला आणि झाकण परत माझ्या डोक्यावर ठेवलं. "बसतंय की नीट," ती म्हणाली. "कशी वाटली चव?"

"लिंबं चांगली मुरलीयेत," आल्फ्रेड म्हणाला.

दुकानातल्या त्या फुलदाण्या आज मला बघतील तर नाक मुरडतील. माझ्या झाकणाला टवका आहे, गळ्याशी हळदीचा डाग आहे, तो आता निघायचा नाही. पवनचक्कीच्या जाड पात्यावरून तेलाचा ओघळ आलाय आणि ती बाजू नेहमी गॅसकडे असते, त्यामुळे पाहुण्यांना दिसतही नाही. दिसू नये. मी दिसण्यासाठी झालेली नाही.

तुमच्याही घरी कपाटावर काहीतरी असेल, टॉवेलात गुंडाळलेलं. एखादी वस्तू असेल, नाहीतर एखादं माणूस. त्याला आज खाली काढा. फुटेल म्हणून भिऊ नका. मी एक दिवस फुटणारच आहे, मातीची आहे, त्यात काय? फुटले की माझे तुकडे झाडून टाका, रडू नका, गोंद लावून शोकेसमध्ये तर अजिबात मांडू नका. तोवर मला धुवा, भरा, रिकामी करा, पुन्हा भरा.

आल्फ्रेड परवा परत गेला. जाताना त्याने डब्यात लोणचं मागून घेतलं, पार तळातलं खरवडून. मी आता रिकामी आहे, धुऊन खिडकीत उन्हाला पालथी ठेवलीय. ओट्यावर जोसेफीन लिंबं चिरतेय.